दहाच्या जागी चौदा

परवा डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला. दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा वर गेला आणि खाली येताना एका ठिकाणी अडकल्यासारखा झाला, तशी त्यांनी नळीला नखाने टिचकी मारली. मी म्हटलं, "एकच." ते म्हणाले, "काय एकच, आजी?" मी म्हटलं, "टिचकी. एकच मारायची. दुसरी मारली की आपल्याला हवा तो आकडा येतो." डॉक्टर वयाने माझ्या नातवाएवढे. 'वय झालं आता' अशा अर्थाने त्यांनी माझ्या भाचीकडे बघितलं आणि दुसरी टिचकी मारली. मग तिसरी. कागदावर एकशे चाळीस लिहिलं. घरी येताना भाचीने विचारलं, हे टिचकीचं तुला कोणी सांगितलं? मी म्हटलं, पेडणेकरांनी. कोण पेडणेकर, हे सांगायला रिक्षातला वेळ पुरला नाही.

विक्रोळी आणि भांडुप यांच्या मध्ये, आग्रा रोडवरून खाडीकडे उतरणाऱ्या कच्च्या रस्त्याला विजेच्या दिव्यांचा एक कारखाना होता. मागे मिठागरं, पुढे गवत. स्वातंत्र्यानंतरची ती पहिली दहा-बारा वर्षं. मी मॅट्रिक होऊन मुलुंडला घरी बसले होते. तिथे जागा निघाली म्हणून गेले. काम सोपं होतं. दिव्यातली हवा पंपाने ओढून काढतात. किती निघाली आणि किती उरली हे दर तासाला गेजवर बघायचं आणि वहीत लिहायचं.

मुलाखतीला दोघे होते. वर्क्स मॅनेजर नाडकर्णीसाहेब, आणि त्यांच्या शेजारी एक उंच, हडकुळे गृहस्थ, सदऱ्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावून बसलेले. साहेबांनी शिक्षण, हस्ताक्षर वगैरे विचारलं. त्या हडकुळ्या गृहस्थांनी एकच विचारलं.

"लग्न झालंय?"

"नाही."

"ठरलंय?"

"तुम्हाला काय करायचंय?" मी म्हणाले. नोकरी गेलीच असं धरून चालले होते, त्यामुळे जीभ सैल सुटली.

साहेब हसायला लागले. गृहस्थ मात्र गंभीरच. म्हणाले, "पारा सोनं खातो. त्या खोलीत सोनं घालून येता येत नाही. लग्न झालेली बाई मंगळसूत्र काढत नाही, आणि काढा असं मी कोणाला सांगणार नाही. म्हणून विचारलं. तुम्ही कानातलं काढून ठेवाल ना?"

मी काढून ठेवीन म्हटलं आणि मला नोकरी लागली. घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "चला, तुझं लग्न न जमण्याचा कोणाला तरी उपयोग झाला." हे पेडणेकर.

ते मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. स्वतः घाटकोपरला चाळीत राहत आणि सायकलने येत. शाळा इंग्रजी चौथीला सुटलेली. काच फुंकायला ते कुठल्याशा प्रयोगशाळेत नोकर म्हणून राहून शिकले होते, आणि बाकीचं सगळं एका फाटक्या इंग्रजी पुस्तकातून. अडलेला शब्द ते कोणालाही विचारत. साहेबांना, मला, एकदा तर मीठ न्यायला आलेल्या एका गुजराती व्यापाऱ्याला. कारखान्यात साधी, बेताची मराठी बोलत. जीव गुंतला की मालवणी सुरू व्हायची, त्यामुळे त्यांचा जीव कशात आहे हे ओळखायला फार हुशारी लागत नसे. बायकोबद्दल मराठीत बोलत. गेजबद्दल मालवणीत.

गेज म्हणजे काय ते सांगते, अवघड नाही. दिव्यातली हवा कितीही ओढली तरी सगळी निघत नाही. उरते ती इतकी विरळ, की सरळ मोजताच येत नाही. म्हणून काचेचा एक फुगा असतो, त्याच्या डोक्यावर काडीएवढी बारीक नळी, वरून बंद. पाऱ्याची बाटली वर उचलली की पारा फुग्यात चढतो आणि फुग्याभर पसरलेली ती हवा रेटत रेटत त्या बारीक नळीत नेऊन कोंडतो. कोंडलेली हवा नळीत किती जागा अडवते ते मागच्या पट्टीवर वाचायचं. पट्टीवर आकडे मायक्रॉनचे, आकडा जितका लहान तितकी उरलेली हवा कमी. सरकारी खात्याशी आमचा करार होता की दिवे दहा मायक्रॉनच्या आतले हवेत. दहाच्या आत आलं की पास. कारखान्याचा सगळा देवधर्म त्या दहावर चालायचा.

बारीक नळीत पारा काचेला चिकटतो. म्हणून टिचकी मारतात. पंपावरची माणसं बारा दिसले की टिचकी मारत, अकरा दिसले की पुन्हा मारत, आणि दहा दिसेपर्यंत मारत राहत. पेडणेकरांनी नियम केला: उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या नखाने एक टिचकी, मग मनात दहापर्यंत आकडे, मग वाचायचं. जे दिसेल ते लिहायचं. माणसं त्याला पेडणेकरांचा मंत्र म्हणायची. ते समोर असले की एक टिचकी, पाठ वळली की तबला.

आणखी एक खोड. 'रिकामं' हा शब्द त्यांना सहन होत नसे. डबा रिकामा झाला, बस रिकामी आली, काही म्हणा, ते लगेच म्हणत, "रिकामा काय्येक नसता, बाई. कमी म्हणा." प्यूनला ते चहाचा रिकामा कप उचल म्हणत नसत, संपलेला उचल म्हणत. मी त्यांना चिडवायला मुद्दाम म्हणायचे, माझं डोकं आज अगदी रिकामं आहे. ते म्हणत, "थोडा असताच."

गेजची खोली लहान होती. वाऱ्याने पारा थरथरतो म्हणून खिडक्या बंद. जमिनीला फळ्या होत्या आणि त्यांच्या फटींत वर्षानुवर्षं सांडलेला पारा. पोस्टकार्डाने ते त्याचे मणी हाकत एकत्र करत आणि बाटलीत भरत, पण फटीतला फटीतच राही. मी दर तासाला पाच मिनिटं आत जायचे. ते दिवसभर असत. एका गणपतीला मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोने हळदीकुंकू लावलं आणि मग गळ्यातलं पुढे करून म्हणाल्या, "हे बघा हो, तुमच्या कारखान्याचं." मंगळसूत्राच्या दोन वाट्यांपैकी एक चांदीसारखी पांढरी झाली होती. त्यांच्या सदऱ्याबरोबर घरी आलेला पारा. सोनाराने विस्तवावर धरून ती दोनदा पिवळी करून दिली होती, आता तिसऱ्यांदा द्यायची होती. "लोक काहीबाही बोलतात," त्या म्हणाल्या. पेडणेकर गणपतीपुढे बसून करंजी खात होते. करंजी तोंडाशी नेताना सारण खाली सांडत होतं. त्यांचा हात थरथरताना मी पहिल्यांदा बघितला तो तेव्हा. मला वाटलं, गर्दीने गोंधळलेत.

त्यांचं काम कसं वाया जायचं त्याचा एक नमुना सांगते. एका पावसाळ्यात आमचे दिवे आतून काळे पडायला लागले. गेज सांगत होतं दहा. सगळं छान. दिवे मात्र पंधरा दिवसांत काजळलेले परत येत. साहेबांनी ठरवलं, तारा बसवणाऱ्या बायकांच्या हाताला घाम येतो. पेडणेकर म्हणाले, घाम नाही, ओल. खाडीवरची हवा दमट, काचेच्या अंगाला पाणी धरून बसते, आणि पाऱ्याच्या गेजला ओल दिसत नाही, कारण नळीत दाबली की वाफेचं पाणी होतं आणि ती हिशेबातून जाते. "ता खोटा बोलता," ते म्हणाले. "मुद्दाम नाय बोलणा. तेका दिसताच नाय." मग त्यांनी दोनशे दिवे घेतले. शंभर नेहमीसारखे काढले, शंभर भट्टीत दुप्पट वेळ तापवून, ओल उडवून. दोन्हींवर गेजचा आकडा एकच. महिनाभर जाळले. पहिले शंभर काळे, दुसरे शंभर स्वच्छ. साहेबांनी दिवे हातात घेऊन बघितले, शाबास म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सूचना लावली: तारा बसवणाऱ्या बायकांनी दर तासाला हात पुसावेत. दुप्पट वेळ तापवायचं तर निम्मे दिवे निघतील, ते परवडणार नव्हतं. बायका हात पुसत राहिल्या आणि दिवे काळे पडत राहिले.

मी संतापले होते. पेडणेकर नव्हते. ते म्हणाले, "ओल सोडा. पण ओल नसतानाही आपला आकडा बरोबर आहे हे कशावरून?"

तिथून त्यांचं ते खूळ सुरू झालं.

कारखान्यात बारा गेजं होती. अकरा पंपांवर, पेडणेकरांनी बनवलेली. बारावं कुलपाच्या काचेच्या कपाटात. ते परदेशातून आलेलं होतं आणि त्याच्याबरोबर शिक्क्याचा कागद होता. त्याला आम्ही थोरलं म्हणायचो. नवं गेज बनवलं की थोरल्याशेजारी लावायचं, थोरलं दहा म्हणालं की नव्याच्या पट्टीवर दहाची रेघ मारायची. अकराही गेजं अशी थोरल्याचं बघून बोलायला शिकलेली. पेडणेकरांना आता असं एक गेज हवं होतं, जे कोणाचं बघून बोलणार नाही. फुग्यात पारा भरायचा, त्याचं वजन करायचं, म्हणजे फुगा केवढा ते कळतं. बारीक नळीत पाऱ्याचा एक धागा घ्यायचा, त्याची लांबी मोजायची, मग त्याचं वजन करायचं, म्हणजे नळीचं भोक केवढं ते कळतं. भोक नि फुगा कळला की पट्टीवरचे आकडे नुसत्या गणिताने येतात. ऐकायला सोपं. त्यांना आठ महिने लागले. नळ्या निवडण्यातच तीन महिने गेले, कारण भोक सगळीकडे सारखं असलेली नळी मिळेना. धागा इंचाइंचाने पुढे सरकवत ते त्याची लांबी मोजत आणि मला आकडे सांगत. मी लिहीत असे, कारण त्यांचं अक्षर तोवर त्यांनाही वाचता येईनासं झालं होतं.

गेज तयार झालं. थोरल्याशेजारी लावलं. थोरलं म्हणालं दहा. नवं म्हणालं चौदा.

थोरलं वीस म्हणालं तेव्हा नवं अठ्ठावीस. पाचला सात. कुठेही बघा, तेच प्रमाण. त्यांनी गेज मोडलं आणि पुन्हा बनवलं. चौदा. तिसऱ्यांदा त्यांच्याने काच फुंकवेना, म्हणून काचेच्या बाकावरच्या यशवंताकडून बनवून घेतलं. चौदा. साहेब म्हणाले, "पेडणेकर, थोरल्याला परदेशी कागद आहे. तुमच्याला काय आहे?"

"वजन आहे, साहेब."

"तुमच्या हातांनी केलेलं ना?" साहेब म्हणाले. दुष्टपणाने म्हणाले नाहीत, पण पेडणेकरांनी हात टेबलाखाली घेतले.

त्यानंतर आठवडाभर ते दुपारचे थोरल्याच्या कपाटापुढे उभे असत. मग एका दुपारी, मी डबा खात असताना, समोर येऊन बसले. त्यांच्या डब्यात भाकरी आणि सुकटीची चटणी असे. त्या दिवशी त्यांनी तो उघडलाच नाही.

"बाई, माका गावला," ते म्हणाले.

"काय सापडलं?"

"थोरल्याची नळी मीच घातलेली आहे."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. ते नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षी थोरलं पेटीतून आलं, आणि कपाटात बसवताना त्याची बारीक नळी यांच्या हातून मोडली. साहेब गावाला गेले होते, सोमवारी येणार होते. पेटीत जादा नळ्यांच्या दोन जुड्या होत्या. त्यांनी एक नळी काढली, ज्योतीवर डकवली, मागे तीच जुनी पट्टी लावली. कोणाला कळलं नाही. भोक सारखंच असतं तर दोन वेगळ्या जुड्या कशाला, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला नाही. जादा म्हणजे तशीच असणार.

"एक धागा घालून वजन केला असता तर अर्ध्या तासाचं काम होतं," ते म्हणाले. "मी घाबरलो होतो. आणि तेव्हा हात इतके चांगले होते, बाई, की डकवलेला सांधा माझा मलाच दिसत नव्हता."

मी म्हटलं, "मग आता गप्प बसा. इतकी वर्षं कोणाला कळलं नाही, आता कशाला?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या डब्यातली भाजी दिसेनाशी झाली. "वहीत आकडे कोण लिहितं?" ते म्हणाले. "तुम्ही. आणि खोटे लिहिलेत माझ्यामुळे."

त्या दिवशी संध्याकाळी ते साहेबांकडे गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं. साहेबांना वाटलं, माणूस भ्रमिष्ट झाला. सात-आठ वर्षांपूर्वी मोडलेली नळी, ती कोणी बघितलेली नाही, डकवलेला सांधा दिसत नाही, आणि पुरावा म्हणजे थरथरत्या हातांनी केलेली वजनं. थोरलं उघडू देणार नाही, म्हणाले. पेडणेकर दर सोमवारी जात आणि तेच मागत. दरम्यान हात आणखी बिघडले. सदऱ्याचं गळ्याचं बटण आता बायको लावून देत असे. एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने त्यांना सरळ सांगितलं की हे पाऱ्याचं आहे, ती खोली सोडा, नाहीतर हात जातील. साहेब म्हणाले, "छे हो, आमचे वैद्य पाऱ्याच्या गोळ्या देतात, माणसं बरी होतात." पेडणेकर दोघांशीही वाद घालत नसत. मला म्हणाले, "सोडीन. थोरल्याची नळी एकदा वजन करतो, मग सोडीन. मी केलेली चूक मीच काढायला हवी. दुसऱ्या कोणाला ती सापडणार पण नाही."

एवढंच त्यांना हवं होतं. बढती नको, शाबासकी नको. पट्टीवरचा आकडा खरा करून मगच ती खोली सोडायची.

शेवटी साहेब कंटाळले. दिवाळीत चार दिवस कारखाना बंद असतो. म्हणाले, "या चार दिवसांत काय करायचं ते करा. एकदाचा तुमच्या डोक्यातला किडा जाऊ दे. सुट्टी संपली की थोरलं पुन्हा कपाटात हवं, खात्याचा माणूस वर्षाचं प्रमाणपत्र न्यायला येतोय."

पाडव्याच्या सकाळी आम्ही तिघे होतो. पेडणेकर, यशवंत आणि मी. आईला मी ओव्हरटाइम आहे म्हणून सांगितलं होतं. पेडणेकर स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले आणि तोंडाने सांगत राहिले. यशवंताने बारीक ज्योत लावून नळी कापली. तिच्यात पाऱ्याचा धागा घेतला. मी लांबी वाचली. मग धागा बशीत काढला आणि मी तराजूवर वजन केलं. मी आकडे वाचत होते आणि ते तोंडी गणित करत होते, डोळे मिटून. तीनदा केलं. तिन्ही वेळा भोक पट्टीला हवं त्यापेक्षा मोठं. तिन्ही वेळा दहाच्या जागी चौदा.

ते उठले. खिडकीशी गेले आणि मी कधी उघडी न बघितलेली ती खिडकी त्यांनी यशवंताकडून उघडून घेतली. खाडीचा वारा आत आला. "गावला रे, यशवंता," ते म्हणाले, "माझी अक्कल गावली." ते हसत होते. यशवंताने घरून चिवडा आणला होता तो आम्ही खाल्ला. मी त्यांना इतकं खुशीत त्यापूर्वी बघितलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

साहेब भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर आले. माझी वही, धाग्याची वजनं, सगळं त्यांनी नीट वाचलं. ते मूर्ख नव्हते. एक गणित स्वतः करून बघितलं. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे."

पेडणेकर म्हणाले, "मग नवी पट्टी लावतो, साहेब. अकराही गेजांना. आठ दिवसांचं काम."

"बसा," साहेब म्हणाले. "करार दहाच्या आतला आहे. आपले पंप कितीला थांबतात?"

"दहाला. म्हणजे... चौदाला."

"खऱ्या दहाला जातील?"

पेडणेकरांनी विचार केला. खोटं बोलणं त्यांना येत नव्हतं. "नाय जावचे. नवे पंप लागतील."

"नव्या पंपांना परदेशचा परवाना लागतो. दीड वर्ष. तोवर एकही दिवा पास होणार नाही. गेटवर बघून या."

बघायला जावं लागलं नाही, खिडकीतून दिसत होतं. सुट्टी संपवून आलेली माणसं गवतात उभी होती, दोनशेच्या वर. बायका नव्या लुगड्यांत. सुट्टीनंतर अकराही गेजं थोरल्याशी ताडून बघितल्याशिवाय पंप सुरू करत नसत; थोरलं कपाटात नव्हतं, म्हणून गेट उघडलं नव्हतं. "त्यांना तुम्ही सांगा," साहेब म्हणाले. "मी सांगत नाही. तुम्ही जा आणि सांगा, की आकडा खरा झालाय, घरी जा."

पेडणेकर खिडकीशी जाऊन ती माणसं बघत होते. मी मनातून म्हणत होते, सांगू नका. हे मी आज लिहिते आहे, कारण तेव्हा कोणाला सांगितलं नाही. त्या गवतात माझीही नोकरी उभी होती. धाकट्या भावाची शाळा होती, आईची औषधं होती. चौदा हा आकडा मी माझ्या हाताने वजन करून काढला होता, आणि तो माझ्याच वहीत राहावा, बाहेर जाऊ नये, असं मला वाटत होतं.

ते वळले आणि यशवंताला म्हणाले, "डकव. तीच नळी. तीच पट्टी."

दोन तासांत थोरलं कपाटात गेलं. खात्याचा माणूस आला, त्याने कपाटाला सील लावलं आणि प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. या गेजची पट्टी मी तपासली असून ती बिनचूक आहे. खाली सही, गेजची जबाबदारी असलेल्या माणसाची. पेडणेकरांनी पेन घेतलं. निब कागदावर टेकलं आणि कागदभर फरफटत गेलं. दुसरा कागद काढला. तोही गेला. क्षणभर मला वाटलं, मुद्दाम करतायत. हात सही करत नाही म्हणून सुटता येईल, असं त्यांनी ठरवलंय. मग त्यांच्या कपाळावरचा घाम बघितला आणि कळलं की ते खरंच सही करायला धडपडतायत.

"अंगठा चालेल," खात्याचा माणूस म्हणाला. "मात्र ठसा स्वच्छ हवा. पुसट झाला तर वर घेत नाहीत."

एक सबंध इंग्रजी पुस्तक शब्दाला शब्द विचारत वाचलेल्या माणसापुढे शाईचं पॅड आलं. त्यांनी अंगठा टेकवला आणि कागदावर नुसता काळा डाग पसरला. साहेबांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. यशवंत केव्हाच बाहेर निघून गेला होता. शेवटचा कागद उरला होता. तेव्हा पेडणेकरांनी हात माझ्यापुढे केला.

"बाई, तुम्ही धरा."

मी धरला. दोन्ही हातांनी मनगट आवळलं. आत काहीतरी धडपडत होतं, मुठीत पाखरू धरावं तसं. मी आणखी आवळलं, अंगठा शाईवर दाबला, उचलला, कागदावर दाबला आणि मनात दहा आकडे मोजून सोडला. ठसा स्वच्छ उठला. रेघ न् रेघ.

त्यांनी खाली वाकून तो बघितला. म्हणाले, "बरो उठलो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमचो हात बरो थिर असा." कसलाही टोमणा नव्हता त्यात. त्यांना टोमणा मारता येतच नव्हता, तेच तर दुःख.

गेट उघडलं. माणसं आत यायला लागली, एकमेकांना दिवाळीचा फराळ कसा होता विचारत. पेडणेकर त्यांच्यामधून उलट्या दिशेने बाहेर गेले. सायकलवर बसणं त्यांनी महिन्याभरापूर्वीच सोडलं होतं. ती हातात धरून चालवत नेली. शाईचा अंगठा हँडलला लागू नये म्हणून वर धरला होता. कोणी तरी त्यांना हाक मारली, त्यांनी मान हलवली. आग्रा रोडला लागेपर्यंत मी खिडकीतून त्यांना बघत होते. त्यानंतर ते कारखान्यात आले नाहीत, आणि मी घाटकोपरला गेले नाही. रोज जाईन म्हणायचे.

पंप सुरू झाल्यावर तासाभराने मी पहिल्या गेजशी गेले. बाटली उचलली, एक टिचकी मारली, थांबले आणि वाचलं. दहा होतं. मी वहीत दहा लिहिलं.